माद्रिदमध्ये भाड्याचं घर: कायमचा करार, अकरा महिन्यांचा, की नुसती खोली?

पुण्या-मुंबईत अकरा महिन्यांचा करार म्हणजे नेहमीचीच गोष्ट, कोणी दोनदा वाचतही नाही. माद्रिदमध्ये तसा कागद पुढे आला तर सहीआधी शीर्षक वाचा. तिथे 'तेम्पोरादा', म्हणजे हंगामी, असं लिहिलं असेल तर स्पेनमध्ये भाडेकरूला मिळणारं बहुतेक संरक्षण तुम्हाला लागू होत नाही. काहींना ते चालण्यासारखं असतं. मात्र काय सोडतोय ते आधी कळायला हवं.

घरभाड्याचा मुख्य कायदा 1994 चा, त्याला सगळे 'लाऊ' म्हणतात. त्यात राहतं घर, 'विव्हिएंदा आबितुआल', वेगळं आणि बाकीचे वापर वेगळे. तेम्पोरादा त्या 'बाकीच्या'त मोडतं. एका खोलीचं भाडं बहुतेक वेळा लाऊबाहेर, साध्या नागरी संहितेखाली येतं.

| | राहतं घर | तेम्पोरादा | खोली |
|---|---|---|---|
| मुदत | भाडेकरूला हवं तर 5 वर्षांपर्यंत (मालक कंपनी असेल तर 7) | कागदावर असेल तेवढीच | ठरेल तशी |
| मध्येच सोडणं | 6 महिन्यांनंतर, 30 दिवसांची सूचना | करारात मुभा असेल तरच | करारात असेल तसं |
| अनामत (फिआन्सा) | 1 महिना, वर जास्तीत जास्त 2 महिन्यांची हमी | 2 महिने, वरच्या हमीला मर्यादा नाही | बहुधा 1 महिना |
| दलाली | मालकाकडे | बहुधा तुमच्याकडे | एजंट क्वचितच |

सर्वात मोठा फरक पहिल्या ओळीत आहे. राहत्या घराचा करार एक वर्षाचा लिहिला तरी तो दरवर्षी पुढे न्यायचा की नाही हे पाच वर्षं भाडेकरू ठरवतो. मालक व्यक्ती असेल, पहिलं वर्ष उलटलं असेल आणि करारात तशी अट असेल, तरच स्वतःला किंवा जवळच्या नातेवाइकाला राहायला म्हणून तो दोन महिन्यांची सूचना देऊन घर परत मागू शकतो. भाडेवाढही मोकाट नाही. मे 2023 च्या गृहनिर्माण कायद्यानंतर केलेल्या करारांत वार्षिक वाढ राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या 'इराव' निर्देशांकापुढे जात नाही. याच कायद्याने दलाली मालकाच्या गळ्यात घातली. म्हणूनच बाजारात तेम्पोरादाची गर्दी वाढली, यात काही गूढ नाही.

आता 1000 युरो भाड्याचा हिशोब. राहत्या घरासाठी पहिलं भाडं 1000, फिआन्सा 1000, मालकाने पुरती हमी मागितली तर आणखी 2000: खिशातून 4000 च्या वर काही जात नाही. तेम्पोरादात भाडं 1000, फिआन्सा 2000 आणि एका महिन्याची दलाली 21 टक्के व्हॅटसह 1210, म्हणजे 4210. 'तात्पुरतं आहे म्हणून सोपं' हे पैशांच्या बाबतीत तरी खरं नाही.

घर सोडताना तर दरी आणखी रुंदावते. राहत्या घराच्या वर्षाच्या करारात आठव्या महिन्यात निघालात आणि दंडाची अट असली तरी उरलेल्या वर्षामागे एक महिन्याचं भाडं या प्रमाणात बसतो: चार महिने उरले, तर साधारण 333 युरो. तेम्पोरादाच्या अकरा महिन्यांत चौथ्या महिन्याला निघालात आणि करारात मुभा नसेल, तर मालक उरलेल्या सात महिन्यांचं भाडं मागू शकतो. कोर्ट ते कमी करू शकतं, पण परक्या देशात कोर्टाची पायरी कोण चढणार? सही करण्याआधी '30 दिवसांच्या सूचनेवर सोडता येईल' असं एक वाक्य घालून घ्या. बरेच मालक घालतात, विचारायचीच खोटी.

तरीही नवख्याला राहतं घर मिळत का नाही? कारण मालक भाडेबुडीचा विमा काढतात आणि विमा कंपनी स्पेनमधल्या तीन पगारपत्रकांवर, 'नोमिना'वर, अडून बसते. भाडं पगाराच्या 35-40 टक्क्यांच्या आत हवं, हीही अट. भारतातल्या कंपनीची सॅलरी स्लिप दाखवली तर बहुतेकांची मान हलत नाही. मग वर्षभराचं भाडं आगाऊ द्या, अशी मागणी येते. राहत्या घरासाठी मालक एका महिन्याहून जास्त आगाऊ भाडं सक्तीने मागू शकत नाही. पण तुम्ही आपणहून दिलंत तर तो नाकारणारही नाही. त्यापेक्षा बँकेची हमी, 'आवाल बांकारिओ', बरी: पैसे बँकेत अडकतात, मालकाच्या खिशात जात नाहीत.

खोलीचा मार्ग स्वस्त आणि लवकर मिळणारा. फक्त समोरचा माणूस मालक आहे की स्वतःच भाडेकरू, हे विचारा. भाडेकरू असेल तर पोटभाड्याला मालकाची लेखी संमती लागते. ती नसेल तर त्याचा करार मोडताना तुमचंही बिऱ्हाड रस्त्यावर येतं.

तिन्हींमध्ये खरी कसोटी लागते ती 'पाद्रोन'वर, म्हणजे महापालिकेच्या रहिवासी नोंदीवर. सहा महिन्यांहून अधिक राहणाऱ्याला 'तिए' हे परदेशी नागरिकांचं कार्ड काढावं लागतं आणि तिथे हा दाखला बहुधा मागतात. माद्रिदमध्ये 010 वर फोन करून किंवा ऑनलाइन वेळ घ्यायची, पासपोर्ट आणि करार न्यायचा. करार दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याची सही असलेलं संमतिपत्र लागतं. 'इथे पाद्रोन करायचं नाही' म्हणणारा मालक दिसला की पुढचं घर बघा. प्रत्यक्ष राहता तिथे नोंद करणं हा तुमचा हक्क आहे आणि कर्तव्यही, पण कागद हातात नसताना तो हक्क खिडकीवर सिद्ध करणं जिकिरीचं.

फसवणुकीचा साचा ठरलेला असतो: मालक परदेशात, किल्ल्या कुरिअरने, आधी बुकिंगचे पैसे. घर बघितल्याशिवाय एक युरोही देऊ नका आणि मालमत्ता नोंदणी कार्यालयाकडून 'नोता सिम्प्ले' काढा. सुमारे 10-11 युरोत ऑनलाइन मिळते, खरा मालक कोण ते कळतं.

घर बघताना 'इंतेरिओर' म्हणजे आतल्या चौकाकडे तोंड असलेलं, बहुधा अंधारं. लाव्हापिएससारख्या जुन्या भागात चौथा मजला बिनलिफ्टचा निघू शकतो. विजेच्या बिलावर 'पोतेन्सिया', म्हणजे एका वेळी वापरता येणाऱ्या विजेची मर्यादा, बघा: 3.45 किलोवॅट असेल तर इंडक्शन, ओव्हन आणि एसी एकत्र लावले की मीटर पुरवठा तोडतो. बिल्डिंगचा देखभाल खर्च आणि मालमत्ता कर भाडेकरूवर लेखी टाकता येतो, म्हणून जाहिरातीतल्या आकड्यात काय धरलंय ते विचारा.

वर्षाच्या आतला अभ्यासक्रम असेल तर खोली, नाहीतर खरोखर त्याच कारणाने केलेला तेम्पोरादा. कारण करारात स्पष्ट लिहून घ्या. स्पेनमधली कायम नोकरी असेल तर तीन नोमिना हातात येईपर्यंत खोलीत काढा आणि मग राहत्या घराच्याच करारावर सही करा. शिरताना प्रत्येक खोलीचे तारखेसह फोटो मालकाला ईमेलने पाठवा. किल्ल्या परत दिल्यावर महिन्याभरात फिआन्सा आली नाही, तर त्यावर व्याज लागू होतं.