दादरमधील मिथ्रासपंथावरची व्याख्यानमाला : दोन संध्याकाळी उत्तम, तिसरी घाईची

दादरच्या एका संस्थेने आयोजित केलेली, रोमन साम्राज्यातील मिथ्रासपंथावरची, म्हणजे मिथ्रास या देवाच्या गुप्त दीक्षेच्या पंथावरची, तीन व्याख्याने मी नऊशे रुपये भरून ऐकली आणि पहिल्या दोन संध्याकाळींपुरते तरी ते शुल्क मला जड वाटले नाही.

शाळेत सूर्यनमस्कार घालताना ‘ॐ मित्राय नमः’ म्हटलेल्या माणसाला मिथ्रास म्हणजे आपला वैदिक मित्रच, असे वाटणे स्वाभाविक आहे. त्यातून मुंबईत पारशी अग्यारीला ‘दर-ए-मेहेर’ही म्हणतात, म्हणजे मेहेर हा त्या नावाचा इराणी भाऊबंद आपल्या शेजारीच नांदतो. व्याख्यात्यांनी नावांचे हे नाते मान्य केले. मात्र नावाबरोबर उपासनाही जशीच्या तशी रोमला पोहोचली असे मानता येत नाही, हे सांगताना बेल्जियन अभ्यासक फ्रान्झ क्यूमाँ यांच्या, हा पंथ इराणातून आला या सिद्धान्तावर १९७१ च्या मँचेस्टर येथील अभ्यासकांच्या परिषदेत कोणते आक्षेप घेतले गेले, तेही त्यांनी सावकाश उलगडले.

दुसरी संध्याकाळ जवळजवळ पूर्णपणे एका शिल्पाला दिली होती, आणि ते योग्यच होते. या पंथाचा स्वतःचा धर्मग्रंथ उपलब्ध नसल्यामुळे, मान मागे वळवून बैलाच्या अंगात सुरा खुपसणारा मिथ्रास, जखमेकडे झेपावणारे कुत्रा आणि साप, बैलाच्या वृषणाला डसलेला विंचू आणि शेपटीच्या टोकाला फुटलेली कणसे, हाच अभ्यासकांचा मुख्य आधार ठरतो. रोमचे जुने बंदर असलेल्या ऑस्टिया येथील फरशीवरच्या चित्रांतून दीक्षेच्या सात पायऱ्या, कावळ्यापासून पित्यापर्यंत, त्यांनी क्रमाने दाखवल्या. सैनिक, कारकून आणि गुलामसुद्धा ज्या अरुंद, भुयारासारख्या दालनात समोरासमोरच्या ओट्यांवर रेलून एकत्र जेवत, तिथे स्त्रियांना दीक्षा मिळाल्याचा भक्कम पुरावा नाही, हे ऐकून माझ्या शेजारच्या आजींनी ‘म्हणजे स्वयंपाकही पुरुषच करत असतील’ असा शेरा मारला. प्रोजेक्टर इतका मंद होता की विंचू मला शेवटपर्यंत दिसला नाही.

तिसऱ्या दिवशी मात्र घाई झाली. २५ डिसेंबर हा मिथ्रासचा जन्मदिवस असल्याचे ठामपणे सांगण्यात आले. वास्तविक इ. स. ३५४ च्या रोमन पंचांगात त्या तारखेला केवळ ‘अजिंक्या’चा (हे सहसा सूर्यदेवाचे बिरुद मानले जाते) जन्मदिन नोंदलेला आहे, तिथे मिथ्रासचे नाव नाही. लंडनमध्ये १९५४ साली सापडलेल्या मंदिराला तर पाच मिनिटेही मिळाली नाहीत. पुढच्या खेपेस प्रवेश घेणाऱ्यांनी पहिल्या रांगेत बसावे आणि छापील टिपणे आधीच मागून घ्यावीत. ती मागितल्याशिवाय मिळत नाहीत.