जोडीचा सौदा: हिमालयन चांगली निघाली, एक्सपल्स गळ्यात पडली

जुळे सोलापुरातल्या एका बाप-लेकाला दोन जुन्या गाड्या हव्या होत्या. डांबरी रस्त्यावरही चालतील आणि मुरमाच्या, शिवाराच्या वाटेवरही दमणार नाहीत अशा. मुलाचं लायसन्स नुकतंच आलेलं, बजेट दोघांचं मिळून दोन लाख. जाहिरातीत जोडीच मिळाली: २०१८ ची रॉयल एनफिल्ड हिमालयन आणि २०१९ ची हिरो एक्सपल्स २००. "दोन्ही घ्या मालक, एक लाख नव्वदला देतो. सुटी मागितली तर परवडत नाही." हिमालयन रीतसर वडिलांच्या नावावर झाली. एक्सपल्स आजही नावावर नाही आणि होण्याची चिन्हंही नाहीत.

या फसवणुकीत खोटी गाडी एकटी येत नाही. डाळिंबाच्या क्रेटमध्ये वरचा थर निवडून लावतात, तशी चांगली गाडी पुढं उभी करतात. हिमालयन एमएच-१३ ची, एकाच मालकाची, सर्व्हिसची बिलं जोडलेली, कर्जाचा बोजा नसलेली होती. तासभर तीच तपासून झाली, विश्वास बसला आणि त्याच विश्वासावर एक्सपल्स दहा मिनिटांत पसंत झाली. शिवाय वजन आणि उंचीच्या हिशेबात ती निवड चुकीची नव्हतीच. हिमालयन १९० किलोच्या वर जाते. वाळूत आडवी झाली तर नवख्याला एकट्यानं उचलत नाही. २०१९ ची एक्सपल्स १५४ किलोची, सीटची उंची ८२३ मिलिमीटर, पुढचं चाक २१ इंची. शिकाऊ हाताला हीच बरी. (एक्सपल्सचीच ४व्ही प्रो मात्र नवख्याला घेऊ नका, तिची सीट ८९१ मिलिमीटरवर आहे. आणि स्वस्तात मिळते म्हणून हिरोचीच बंद झालेली जुनी इम्पल्स घेणाऱ्यांनी आधी तिचं प्लास्टिक आणि टाकी कुठं मिळते ते विचारून बघावं.) म्हणजे मॉडेल योग्य होतं. ती विशिष्ट गाडी खोटी होती.

ती केए-३२ ची, म्हणजे कलबुर्गीची. "शेजारचीच तर आहे, एनओसी काढून ठेवलीय," असं सांगून रंगीत झेरॉक्स दाखवली. परराज्यातल्या गाडीची एनओसी, म्हणजे तिथल्या आरटीओचं ना-हरकत पत्र, फॉर्म २८ वर मिळते आणि ती कुठल्या आरटीओसाठी आहे हे तिच्यावर लिहिलेलं असतं. या झेरॉक्सवर पुण्याच्या आरटीओचं नाव होतं. सोलापूरच्या कार्यालयात तिचा काडीचा उपयोग नाही. ती ओळ कुणी वाचलीच नाही. अशी गाडी महाराष्ट्रात आणताना इथला एकरकमी रस्ताकर नव्यानं भरावा लागतो, तोही सौद्याच्या हिशेबात कुणी धरला नव्हता.

दुसरी गोष्ट कर्जाची. आरसीवर फायनान्स कंपनीचं नाव होतं. विक्रेत्यानं फॉर्म ३५ ची (कर्ज फिटल्यावर बोजा उतरवायचा फॉर्म) सही-शिक्क्याची प्रत दिली आणि एमपरिवहन या सरकारी ॲपचा स्क्रीनशॉट पाठवला, ज्यात बोजाची ओळ खालून कापलेली होती. स्क्रीनशॉट ही तपासणी नव्हेच. गाडीचा नंबर स्वतःच्या फोनवर टाकायचा आणि आरसीची स्थिती, बोजा, विमा, पीयूसी, काळ्या यादीची नोंद हे सगळं खालपर्यंत वाचायचं. चलनं वेगळी बघायची: एमएच गाडीची महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन साइटवर, परराज्यातल्या गाडीची परिवहनच्या ई-चलन साइटवर. बोजा दिसला तर फायनान्स कंपनीच्या शाखेत कर्ज खातं क्रमांकासह स्वतः विचारायचं. विक्रेत्यानं दिलेल्या फोन नंबरावर विचारलं तर उत्तर त्याचाच माणूस देतो.

तिसरी गोष्ट मीटरची. काट्याच्या मीटरला केबल मागं फिरवायचे, डिजिटलला अख्खं कन्सोलच बदलतात. या एक्सपल्सवर चौदा हजार किलोमीटर दिसत होते. पण पुढच्या ब्रेकच्या डिस्कला बोट लावलं तर कडेला झिजेचा ओठ लागत होता. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते; व्हर्नियरनं (जाडी मोजायच्या मापानं) मोजून तिच्याशी ताडून बघा. मागच्या स्प्रॉकेटचे दात माशाच्या पाठीसारखे एका बाजूला वाकलेले, फूटरेस्टचे रबर गुळगुळीत, आणि टायर मात्र कोरे. टायरवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. गाडी २०१९ ची, टायर २०२४ चे आणि मीटरवर चौदा हजार, हे गणित बसत नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीच्या नंबरावर शेवटच्या सर्व्हिसचं किलोमीटर निघतं. तिथं एक फोन केला असता तरी पुरलं असतं.

खरी दुखापत मात्र पुढच्या भागात होती. ही गाडी कुठंतरी समोरून आदळलेली. ओळखायची अशी: इंजिनाखालच्या संरक्षक पत्र्याखाली लाकडी ठोकळा ठेवून पुढचं चाक अधांतरी करा आणि हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी सावकाश फिरवा. मध्यावर खाच लागल्यासारखं अडलं तर कोन सेट (हँडलच्या मानेतलं बेअरिंग) गेलेला. मग चाकासमोर बसून फोर्कचा (पुढच्या शॉकॲब्सॉर्बरच्या दोन दांड्यांचा) खालचा भाग पुढं-मागं ओढा. टकटक झाली तर बेअरिंग ढिलं किंवा बुश झिजलेले. फोर्कच्या दांड्यांवर तेलाची ओली कडी म्हणजे सील गेलेलं, आणि सील बदलूनही गळत असेल तर दांडीच वाकलेली असू शकते. चाक हातानं फिरवून रिमचा लोळ बघा, स्पोकवर पाना वाजवा: घट्ट स्पोक टणटणतो, ढिला बद्द आवाज देतो. शेवटी स्टीअरिंगजवळ चेसीसचे वेल्डिंगचे सांधे बॅटरीच्या उजेडात बघा. रंग भुग्यासारखा उडालेला किंवा एकाच जागी नवा चकचकीत दिसला तर गाडी सोडून द्या, भाव कितीही उतरला तरी. फोर्क बदलता येतो, वाकलेली चेसीस सरळ झाली असं सांगणाऱ्यावर पोराचा जीव टाकू नये.

चेसीस नंबर तिथंच, स्टीअरिंगच्या मानेवर असतो. १७ अक्षरं-आकडे आहेत, सगळे आरसीशी जुळवा. नुसते शेवटचे चार बघून उपयोग नाही. हिरोचा नंबर एमबीएलनं सुरू होतो, रॉयल एनफिल्डचा एमई३ नं. कागद ठेवून पेन्सिल घासा. एखादा आकडा खोल, एखादा उथळ उमटला किंवा आजूबाजूला ग्राइंडरचे ओरखडे दिसले तर ती चोरीची असू शकते.

इंजिन थंड असताना ऐकायचं हा नियम सगळ्यांना माहीत असतो, पाळत कुणी नाही. विक्रेता गाडी "चालवत घेऊन येतो" ते उगीच नाही. सोलापूरच्या एप्रिल-मे मध्ये तर दुपारी कसलंही इंजिन पहिल्या सेल्फला उठतं. त्यामुळं पहाटे, त्याच्याच दारात जा, इंजिनाला आधी हात लावून बघा, मग स्टार्ट करायला सांगा. निळसर धूर टिकून राहिला तर रिंग किंवा व्हॉल्व्ह सील. तेलाचं झाकण काढून आत दुधाळ चिकटा दिसला तर पाणी शिरलंय. हिमालयनला तेलाची पातळी दाखवणारी काच असते. सेंटर स्टँडवर घेऊनच पातळी बघा, साइड स्टँडवर ती खोटी दिसते.

पाण्यावरून एक. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला, माढा, मोहोळपासून दक्षिण सोलापूरपर्यंत गावं पाण्यात गेली. पाण्यात बुडालेली गाडी धुऊन विकली जाऊ शकते. काळी माती दिसली म्हणजे पुरातली असं नाही. आपल्याकडं शेतात जाणाऱ्या प्रत्येक गाडीला ती असते. ती कुठं आहे ते बघा. हेडलाइटच्या आत रेघ, फ्यूज बॉक्समागं गाळ, वायरच्या सॉकेटमध्ये हिरवट पूड, मीटरच्या काचेत वाफ, हे शेतातल्या चिखलानं होत नाही.

पैशाचं तर सगळंच चुकलं. नव्वद हजार रोख, उरलेले विक्रेत्याच्या "भाच्याच्या" खात्यावर. पैसे आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्याच खात्यात जावेत, आणि दोन गाड्या असतील तर दोन वेगळे इसार, दोन वेगळ्या पावत्या. एक गाडी नाकारायची मोकळीक राहते. "जोडीनंच देणार" म्हणणाऱ्याकडची कुठलीच घेऊ नये असं आमचं मत. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या घेऊन "नंतर टीटी (नावबदल) करून घ्या" म्हणणं हाही सापळाच. अर्ज ऑनलाइन भरताना ओटीपी नोंदणीकृत मोबाइलवर जातो. मालक खरा असेल तर समोर बसून तो सांगतो. थातुरमातुर कारणं आली की उठा. निम्मी रक्कम तरी अर्ज दाखल होऊन पावती निघेपर्यंत हातात ठेवा. दुकानदाराकडून घेत असाल तर आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र मागा. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना १ एप्रिल २०२३ पासून ते बंधनकारक आहे. एमएच गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वीची असेल तर तिला नवी उच्च सुरक्षा नंबर पाटी (एचएसआरपी) बसली आहे का तेही बघा, नाहीतर नाव बदलायचं काम अडू शकतं.

लष्करात आहे, बदली झाली, गाडी कँटीनच्या ट्रकनं पाठवतो असं सांगून क्यूआर पाठवणाऱ्यांबद्दल इतकंच: पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही.

मुलगा सतरा-साडेसतराचा असेल तर थांबा. गिअरच्या गाडीला अठरा पूर्ण लागतात. त्याआधी त्यानं चालवली आणि गुन्हा घडला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ खाली पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही.

एवढं होऊनही फसलात तर एजंटामागं फिरत बसू नका. पैसे ऑनलाइन गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, मग पोलीस ठाणं. १ जुलै २०२४ पासूनच्या व्यवहाराला फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेचं ३१८ लागतं. तक्रारीसोबत जाहिरातीचा फोटो, सगळं चॅट, बँकेचा उतारा, एनओसीची झेरॉक्स आणि चेसीस नंबरची पेन्सिलछाप जोडा. तोवर गाडी चालवू नका आणि विकूही नका. ती चोरीची निघाली तर पुढच्या गिऱ्हाइकाच्या तक्रारीत विक्रेता म्हणून तुमचं नाव येईल.