मोटारी परदेशी पाठवताना: रोरो जहाज, लाकडी उतारांचा कंटेनर की पोलादी रॅक?

पुणे परिसरातून केनिया, टांझानिया, युगांडा किंवा झांबिया या देशांत मोटारी पाठवू पाहणाऱ्या लहान निर्यातदाराला एक सोय आयतीच मिळते. तिथली वाहतूक आपल्यासारखीच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालते, त्यामुळे उजव्या सुकाणूची गाडी जशीच्या तशी विकता येते. गाड्या पाठवायच्या कशा, हा निर्णय मात्र तितका सोपा नाही. मुंबई बंदरातून रोरो जहाजावर चालवत चढवणे, न्हावा शेवामार्गे कंटेनरमधून लाकडी उतार आणि ठोकळ्यांच्या आधाराने पाठवणे, किंवा त्याच कंटेनरमध्ये पुन्हा वापरता येणारे पोलादी रॅक बसवून पाठवणे, असे तीन मार्ग समोर असतात. प्रत्येक मार्गाचा कैवार घेणारा एजंटही भेटतोच.

बहुतेक जण एका कंटेनरमध्ये किती गाड्या बसतात, या प्रश्नापासून हिशेब मांडायला घेतात. माझ्या मते सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करायला हवी. त्या गाड्या तिकडे कोण उतरवणार, कोणत्या साधनांनी आणि कोणत्या जागी, हे आधी ठरले पाहिजे. भरण्याचे काम आपल्या डोळ्यांदेखत, आपल्या माणसांकडून होते. उतरवण्याचे काम मात्र ज्यांना आपण कधी पाहणारही नाही अशा लोकांच्या हाती असते आणि नुकसानीची तक्रार येते ती तिथूनच.

रोरो जहाजाचा मोठा गुण म्हणजे तिथे उतरवण्याचा प्रश्न जवळजवळ उरत नाही. गाडी स्वतःच्या चाकांवर आत जाते आणि तशीच बाहेर येते. मोठे उत्पादक हाच मार्ग धरतात. चाकणच्या फोक्सवॅगन कारखान्यातील मोटारी मुंबई बंदरातून रोरो जहाजांनी मेक्सिकोपर्यंत गेल्या आहेत. मोम्बासा, दार एस सलाम आणि डर्बन या बंदरांना ही जहाजे नवीन नाहीत. भाडे गाडीच्या घनमापावर आकारले जाते, त्यामुळे दोन गाड्या असोत वा बारा, प्रत्येकीचा खर्च सारखाच राहतो. मात्र गाडी चालू स्थितीत असावी लागते, ती अनेक अनोळखी चालकांच्या हातांतून जाते, खाऱ्या हवेत उघड्या मैदानावर उभी राहते आणि सुटे भाग सोबत पाठवण्याला जहाज कंपन्यांची सहसा हरकत असते. जहाजांच्या फेऱ्याही कंटेनर सेवांइतक्या नियमित नसतात. २०२३ मध्ये मोटारवाहू जहाजांची टंचाई इतकी वाढली की मोठ्या जहाजाचे एका दिवसाचे भाडे १ लाख डॉलरच्या वर गेले आणि चिनी उत्पादकांना आपल्या गाड्या कंटेनरमधूनही पाठवाव्या लागल्या. त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला तांबड्या समुद्रात हूथी बंडखोरांनी ताब्यात घेतलेले ‘गॅलक्सी लीडर’ हे मोटारवाहू जहाज गुजरातच्या पिपावाव बंदराकडेच निघाले होते. पूर्व आफ्रिकेच्या वाटेवर तांबडा समुद्र लागत नाही, हे खरे. पण जहाजांची एकूण संख्याच मर्यादित असल्याने एका वाटेवरची अडचण दुसऱ्या वाटेवरही जाणवते.

कंटेनरकडे वळताना मापे नीट पाहावीत. ४० फुटी कंटेनरची आतली लांबी सुमारे १२.०३ मीटर आणि रुंदी २.३५ मीटर असते. उंच प्रकारच्या, म्हणजे हाय क्यूब कंटेनरमध्ये आतली उंची २.७० मीटरच्या आसपास मिळते, पण दाराची उंची २.५८ मीटरच असते, आणि रचलेली गाडी शेवटी त्या दारातूनच न्यायची असते. आपल्याकडे करसवलतीसाठी बऱ्याच गाड्या चार मीटरच्या आत बसवलेल्या आहेत. रांजणगावला बनणारी टाटा नेक्सॉन ३,९९५ मिलिमीटर लांब आहे. अशा तीन गाड्यांची लांबी ११.९८५ मीटर होते, म्हणजे कागदावर त्या कंटेनरच्या तळावर एकामागे एक बसतात आणि साडेचार सेंटिमीटर जागाही उरते. प्रत्यक्षात तेवढ्या जागेत ना बंपर सुरक्षित राहतो, ना पट्टे बांधायला हात जातो. म्हणून तळावर दोनच गाड्या, हे धरून चालावे. ३,५३० मिलिमीटर लांबीच्या आल्टो के-१० सारख्या तीन गाड्या मात्र तळावर उभ्या करून सुमारे १.४४ मीटर जागा उरते आणि तिथे ना उताराची गरज लागते, ना रॅकची. ज्यांचा माल असा लहान आहे, त्यांनी पुढचा खटाटोप करूच नये.

मोठ्या गाड्यांची संख्या वाढवायची तर काही गाड्या तिरक्या उचलून खालच्या गाडीच्या बॉनेटवर आणाव्या लागतात. लाकडी पद्धतीत तुळया आणि फळ्यांचा उतार कंटेनरमध्येच ठोकून त्यावर गाडी चढवतात. साहित्य स्वस्त असते, ते परत आणावे लागत नाही आणि मापानुसार बदलताही येते. मात्र हे सुतारकाम प्रत्येक वेळी नव्याने करावे लागते, आणि तो सुतार गाड्यांचे वजन कसे बसते हे जाणणारा असावा लागतो. लाकूड आंतरराष्ट्रीय नियमानुसार गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियसला सलग ३० मिनिटे तापवलेले आणि तसा शिक्का असलेले हवे, नाहीतर माल परक्या बंदरात अडकतो. पोलादी रॅक याहून नेटके काम देतात. गाडी कंटेनरबाहेर रॅकवर चढवून, चाके बांधून, मग फोर्कलिफ्टने किंवा रॅकच्या स्वतःच्या चाकांवर आत ढकलली जाते. ठेंगण्या गाड्या चारपर्यंत बसतात, नेक्सॉनसारख्या १.६२ मीटर उंचीच्या असतील तर तीनच धराव्यात. रॅकचे भाडे, तिकडून ते परत आणण्याचा खर्च आणि तात्पुरत्या आयातीची कागदपत्रे यांचा बोजा मात्र पडतो. दर महिन्याला त्याच गिऱ्हाइकाकडे माल जात असेल तरच हा व्यवहार परवडतो.

बांधणीत सर्वाधिक चुका होतात, म्हणून तिच्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना), आयएलओ (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) आणि यूएनईसीई (संयुक्त राष्ट्रांचा युरोपीय आर्थिक आयोग) यांच्या माल बांधणीविषयीच्या २०१४ च्या संहितेनुसार खुल्या समुद्रात आडव्या दिशेने मालाच्या वजनाच्या ०.८ पट आणि रस्त्यावर ब्रेक लागल्यास पुढच्या दिशेने तेवढाच जोर गृहीत धरावा लागतो. सव्वा टनाच्या गाडीवर हा जोर एक टनाचा होतो. कंटेनरच्या तळाशी असलेल्या कड्यांची मानकाने ठरवलेली किमान क्षमताही प्रत्येकी एक टनच आहे. त्यामुळे एका कड्यावर सगळा भरवसा ठेवणे हा जुगार आहे. पट्टे चाकांवरून न्यावेत. गाडीच्या सांगाड्याला बांधलेला पट्टा गाडी हिंदकळताच सैल पडतो. ठोकळे चाकांच्या पुढे आणि मागे घट्ट बसवून तळाच्या फळीत ठोकावेत आणि रिकामा कंटेनर परत देताना ते खिळे काढायला तिकडच्या माणसाला सांगून ठेवावे, कारण तळाच्या दुरुस्तीचे बिल जहाज कंपनी लावते. हँडब्रेक ओढलेला, गियर टाकलेला आणि आरसे मिटलेले असावेत. गाडी कंटेनरच्या मधोमध उभी केली तर नेक्सॉनच्या दोन्ही बाजूंना जेमतेम २७ सेंटिमीटर उरतात आणि चालक खिडकीतूनच बाहेर पडू शकतो. एका बाजूला सरकवून उभी केली तर त्याची सुटका थोडी सुकर होते. बंद डब्यात इंजिन चालू ठेवू नये. शक्य तिथे गाडी विंचने ओढून घ्यावी.

भरणे स्वतःच्या आवारात करावे की न्हावा शेवाजवळच्या सीएफएसमध्ये (कंटेनर भरण्या-उतरवण्याच्या गोदामात), हाही निर्णयाचाच भाग आहे. २०१७ पासून निर्यातदाराला स्वतः ई-सील (इलेक्ट्रॉनिक मोहर) लावून कंटेनर बंद करण्याची मुभा आहे. त्यामुळे आवारात फोर्कलिफ्ट, पक्का फरशीचा उतार आणि ओळखीचे कारागीर असतील तर तिथेच भरावे. सीएफएसमध्ये कंटेनर रीच स्टॅकर या उचलयंत्राने जमिनीवर ठेवता येतो. मग तळ जमिनीपासून सुमारे १५ सेंटिमीटरच उंच राहतो आणि साधा उतार पुरतो. आवारात ट्रेलरवरच भरायचे ठरले तर तीच उंची सव्वा ते दीड मीटर होते आणि त्यासाठी रॅम्प नसेल तर काम धोक्याचे ठरते. पहिल्या खेपेला सीएफएसचा मार्गच बरा.

तिकडे उतरवताना हाच उंचीचा प्रश्न उलटा उभा राहतो. मोम्बासातल्या सीएफएसमध्ये कंटेनर जमिनीवर ठेवण्याची सोय असते. कंपाला किंवा लुसाकासारख्या समुद्रापासून लांब असलेल्या शहरात गिऱ्हाइकाच्या गोदामात ट्रेलर थेट गेला, तर ती असेलच असे नाही. तिरकी अडकवलेली गाडी पट्टे सोडताच खाली येऊ पाहते. लाकडी उतार कोणता भाग आधी काढायचा हे ज्याला माहीत नाही, तो बॉनेट चेपवूनच गाडी बाहेर काढतो. रॅक असेल आणि तो हाताळणारा फोर्कलिफ्ट नसेल, तर कंटेनर ताटकळतो आणि ठरलेल्या दिवसांपलीकडचे विलंबशुल्क सुरू होते. अशा ठिकाणी तळावर दोनच गाड्या पाठवणे अनेकदा स्वस्त पडते.

आगीचा धोका तिन्ही मार्गांवर आहे. २०२२ मध्ये ‘फेलिसिटी एस’ हे मोटारवाहू जहाज अझोर्स बेटांजवळ पेटून सुमारे चार हजार गाड्यांसह बुडाले. मोटारगाडी सागरी नियमांत धोकादायक मालाच्या नवव्या वर्गात मोडते. कंटेनरमधील पेट्रोल वा डिझेल गाडीची टाकी रिकामी केली आणि बॅटरी शॉर्टसर्किटपासून सुरक्षित ठेवली, तर त्या नियमांतून सूट मिळते. म्हणून गाडी कंटेनरमध्ये चढवण्यापुरतेच इंधन घालून नंतर ते काढून घ्यावे. लिथियम बॅटरीच्या गाड्यांचे वर्गीकरण आता वेगळे झाले आहे, त्यामुळे त्यांचे काम या प्रकारात मुरलेल्या एजंटाकडेच सोपवावे.

खर्चाची तुलना करताना रोरोचा दर घनमीटरप्रमाणे घ्यावा. एका नेक्सॉनचे घनमाप सुमारे ११.७ घनमीटर होते. कंटेनरच्या बाजूला भाडे, भरणे, लाकूड किंवा रॅक, तिकडचे उतरवणे आणि रिकामा डबा परत देणे हे सगळे मिळवून गाड्यांच्या संख्येने भागावे. वजनाची चिंता नको: चार गाड्या मिळूनही पाच-सहा टनच भरतात. मात्र २०१६ पासून प्रमाणित वजन कळवल्याशिवाय कंटेनर जहाजावर चढत नाही.

माझा कल असा आहे. माल किनाऱ्यावरच्या बंदरातच विकायचा असेल, गाड्या चालू असतील आणि तारखेची घाई नसेल, तर रोरो. त्या देशातल्या, समुद्रापासून दूरच्या शहरात, सुट्या भागांसह आणि थोड्या गाड्या पाठवायच्या असतील, तर तळावर दोन गाड्यांचा कंटेनर. सतत आणि मोठ्या संख्येने जाणाऱ्या मालासाठी, तिकडे फोर्कलिफ्ट असल्याची खात्री झाल्यावरच, रॅक. लाकडी उतार मी एखाद्या अडलेल्या खेपेपुरताच निवडेन. निवडलाच तर काढण्याच्या क्रमाचे आकडे प्रत्येक तुळईवर रंगवावेत, भरताना काढलेले फोटो घेणाऱ्याला आधीच पाठवावेत आणि त्यांची एक छापील प्रत दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावी.