बार्बाडोसच्या सात दिवसांसाठी आठ महिने वापरलेली स्प्रेडशीट : वापरानंतरचा अनुभव

29 जून 2024 रोजी बार्बाडोसमधल्या ब्रिजटाउनच्या केन्सिंग्टन ओव्हल मैदानावर भारताने दक्षिण आफ्रिकेला सात धावांनी हरवून टी-20 विश्वचषक जिंकला. मध्यरात्र उलटून गेल्यावर पुण्याहून बाबांचा फोन आला आणि सूर्यकुमारच्या सीमारेषेवरच्या झेलाबद्दल यथेच्छ बोलून झाल्यावर त्यांनी विचारले, की तुमच्या टोरांटोहून हे मैदान किती लांब आहे. थेट विमानाने सुमारे पाच तास, असे मी सांगून बसलो. पुढच्याच रविवारी आमच्या घरात एक स्प्रेडशीट उघडली गेली आणि 15 फेब्रुवारी 2025 रोजी आम्ही परत येईपर्यंत ती रोज कोणी ना कोणी उघडत होते. एका कॅरिबियन बेटावरच्या आठवड्याच्या सुट्टीचे नियोजन या साधनावर किती सोपवावे, याबद्दल माझे मत आठ महिन्यांत बरेच बदलले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. शीट फुकट मिळणाऱ्या साध्या प्रकारची होती. इतर कोणत्याही कंपनीची घेतली असती तरी अनुभव फारसा वेगळा आला नसता. सहलीला जाणारे पाच जण : मी, पत्नी, नववीतला मुलगा, आणि पुण्याहून ऑक्टोबरात आमच्याकडे येणारे आई-बाबा.

पहिला उपयोग महिना ठरवण्यासाठी झाला. मुलाला शाळेच्या सुट्टीत, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये जायचे होते. परंतु त्या भागात 1 जून ते 30 नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम असतो, आणि विश्वचषक जिंकलेला आपला संघच ‘बेरिल’ वादळामुळे बार्बाडोसमध्ये अडकून 4 जुलैला दिल्लीत पोहोचला होता, त्यामुळे त्याची समजूत काढावी लागली नाही. डिसेंबर ते मे हे कोरडे महिने, पण त्यांतही डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत राहण्याचे दर चढलेले असतात. विमानभाडे, घरभाडे आणि मुलाची बुडणारी शाळा असे तीन रकाने शेजारी मांडले, तेव्हा 8 ते 15 फेब्रुवारी हा आठवडा आपोआप वर आला. इथपर्यंत स्प्रेडशीटला पैकीच्या पैकी गुण.

कागदपत्रांच्या पानानेही तितकेच चोख काम केले. भारतीय पासपोर्टवर बार्बाडोसला थोड्या दिवसांच्या पर्यटनासाठी व्हिसा लागत नाही, एवढे वाचून आम्ही निश्चिंत झालो होतो. मात्र प्रत्येकाच्या नावापुढे ‘जाताना’, ‘वाटेत’ आणि ‘परतताना’ असे तीन रकाने पाडल्यावर खरे प्रश्न समोर आले. आई-बाबांकडे अमेरिकेचा व्हिसा नसल्यामुळे मायामीमार्गे जाणारी सर्व स्वस्त तिकिटे बाद झाली. त्यांचा कॅनडाचा सुपर व्हिसा (तिथे राहणाऱ्यांच्या पालकांना मिळणारा) अनेक वेळा प्रवेश देणारा असल्याने परतीची चिंता मिटली. आणि माझे पीआर कार्ड, म्हणजे कॅनडातल्या कायम रहिवाशाचे ओळखपत्र, जानेवारीत संपत आहे, ही गोष्ट त्या रिकाम्या चौकटीत तारीख भरायला गेलो तेव्हाच लक्षात आली. ते कार्ड वेळेत आले नसते, तर परतीच्या विमानात मला कोणी बसू दिले नसते.

पैशांच्या पानाने मात्र बराच छळ केला. या सहलीत तीन डॉलर असतात आणि तिघांचेही चिन्ह एकच असते. बार्बाडोसचा डॉलर 1975 पासून अमेरिकी डॉलरशी दोनास एक या दराने बांधलेला आहे, कॅनडाचा मात्र रोज हलतो. दुकाने आणि बस स्थानिक डॉलरमध्ये व्यवहार करतात, पर्यटकांच्या बोटी बहुधा अमेरिकी डॉलरमध्ये दर लावतात, आणि टॅक्सीवाला ‘साठ डॉलर’ म्हणतो तेव्हा त्याला नेमके कोणते म्हणायचे आहेत, हे विचारून घ्यावेच लागते. आई सोडून आम्ही चौघेही एकाच रकान्यात नुसते आकडे भरत होतो. नोव्हेंबरमध्ये बाबांनी, बँकेत छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाच्या शांतपणे, ताळा जमत नसल्याचे सांगितले, आणि दोन संध्याकाळी बसून प्रत्येक आकड्यापुढे ‘बा’, ‘अ’ किंवा ‘कॅ’ लिहून वेगळ्या रकान्यात सर्वांचे कॅनडाच्या डॉलरमध्ये रूपांतर करणारे सूत्र बसवले. त्यानंतर कळले, की आमचा अंदाज खऱ्या खर्चापेक्षा जवळजवळ एक चतुर्थांशाने कमी होता. कोणी अशी शीट तयार करत असेल, तर हा चलनाचा रकाना पहिल्याच दिवशी पाडावा. आम्हाला तो पाचव्या महिन्यात सुचला.

याहून महागात पडली ती तारीख. आधी आम्ही पश्चिम किनाऱ्यावर, होलटाउनजवळ, एक घर आरक्षित केले होते आणि त्याचे पैसे न कापता रद्द करण्याची अखेरची तारीख 5 जानेवारी होती. बाबांनी ती आपल्या सवयीने ‘5/1’ अशी लिहिली. शीटची मांडणी अमेरिकी पद्धतीची असल्यामुळे तिने ती मुकाट्याने 1 मे अशी समजून घेतली. मुदतीच्या दहा दिवस आधी चौकट लाल व्हावी अशी सोय मी स्वतः मोठ्या हौसेने केलेली होती. चौकट अर्थातच पांढरीच राहिली. दरम्यान, आई-बाबांना चालायला सपाट रस्ता हवा आणि बस हाताशी हवी म्हणून दक्षिण किनाऱ्यावरच्या हेस्टिंग्जला राहण्याचे ठरले आणि 7 जानेवारीला आम्ही पहिले घर रद्द करायला गेलो. एका रात्रीचे भाडे गेले. घरमालकाची यात काहीच चूक नव्हती. बाबांना फार लागले, कारण आयुष्यभर त्यांनी लोकांना तारीख नीट लिहायला सांगितले होते. त्या दिवसापासून शीटमध्ये महिना अक्षरांतच लिहायचा, असा नियम झाला.

जागा बदलण्याचा निर्णय मात्र योग्य ठरला. हेस्टिंग्जला समुद्राच्या कडेने लाकडी-काँक्रीटचा लांब पदपथ आहे, त्यावर सकाळ-संध्याकाळ आई-बाबांची फेरी होत असे, आणि मुख्य रस्त्यावर बससाठी पाच मिनिटांहून अधिक थांबावे लागत नसे. सरकारी बस निळ्या, खासगी मिनीबस पिवळ्या आणि ‘झेड-आर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, मोठ्याने गाणी लावून धावणाऱ्या व्हॅन पांढऱ्या. कुठूनही कुठेही जा, भाडे साडेतीन स्थानिक डॉलर; पाच जणांचे साडेसतरा, आणि सरकारी बसमध्ये सुटे पैसे परत मिळत नाहीत, म्हणून तेवढे मोजून हातात ठेवायचे. थांब्यांच्या पाट्यांवर गावांची नावे नसून ‘टू सिटी’ किंवा ‘आउट ऑफ सिटी’ एवढेच लिहिलेले असते. शहर म्हणजे ब्रिजटाउन, हे एकदा समजले की आईलाही वाट विचारावी लागली नाही. शीटच्या सर्व पानांतले बसचे पान सर्वांत लहान होते आणि सर्वांत बिनचूक निघाले.

जिथे हे साधन सपशेल उताणे पडले, ते पान म्हणजे दिवसांचे. मुलाने प्रत्येक दिवसाच्या तासांच्या चौकटी आखल्या होत्या आणि बेट नकाशावर इतके छोटे दिसते, की त्याला दोष देता येत नाही. लांबी सुमारे 34 किलोमीटर, म्हणजे पुण्याहून लोणावळ्याच्या जेमतेम निम्मे अंतर. रुंदी फार तर 23. त्या हिशेबाने तिसऱ्या दिवशी हॅरिसन्स केव्ह ही चुनखडीची गुहा, सेंट निकोलस ॲबी हा सतराव्या शतकातला वाडा, उत्तर टोकावरची ॲनिमल फ्लॉवर केव्ह, आणि संध्याकाळी बाथशेबाला पोहणे, असा बेत होता. भाड्याची गाडी घेतली. वाहतूक डाव्या बाजूने असल्याने बाबा खूश होते आणि कॅनडात अकरा वर्षे उजवीकडून चालवलेला मी घामाघूम. रस्ते अरुंद, वळणे आंधळी, आणि फेब्रुवारीत दोन्ही बाजूंना उसाची तोड सुरू होण्याच्या बेतात असलेली उंच रानं. बाबा म्हणाले, सांगलीकडे आल्यासारखे वाटते. चार ठिकाणांपैकी दोनच झाली. बाथशेबाला पोहोचलो तेव्हा साडेपाच वाजले होते आणि या अक्षांशावर, म्हणजे साधारण चेन्नईच्या सरळ रेषेत, फेब्रुवारीतला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. उन्हाळ्यात रात्री नऊपर्यंत उजेड पाहण्याची सवय असलेल्या टोरांटोकराने ती चौकट भरली होती, हे उघड आहे.

शिवाय तिथे पोहायचे नसतेच. पूर्व किनाऱ्याला थेट अटलांटिक येऊन आदळतो, लाटा तरबेज सर्फिंगवाल्यांच्या कामाच्या, आणि खालून पाण्याने झिजून भूछत्रासारखे झालेले प्रचंड खडक किनाऱ्यावर उभे असतात. पाहण्यासाठी बेटावर याहून सुंदर जागा मला आढळली नाही, पण पाय भिजवण्यापलीकडे जाऊ नये. पश्चिमेचा समुद्र तळ्यासारखा शांत, दक्षिणेचा मधला. हे मला आधी वाचून माहीत होते. तरीही ‘समुद्रकिनारा’ या एकाच शब्दाखाली शीटमध्ये सर्व ठिकाणे एकत्र गेली होती. त्या रात्री पत्नीने तासांच्या चौकट्या पुसून टाकल्या आणि प्रत्येक दिवसापुढे फक्त दोन गोष्टी ठेवल्या : कोणता किनारा, आणि जिचे पैसे आधीच भरले आहेत अशी गोष्ट कोणती. उरलेले चार दिवस त्यावर उत्तम चालले. कार्लाइल बेमध्ये कासवांबरोबर पोहण्याची बोट ठरलेली होती, ती गाठली. तिच्या आधी-नंतर काय झाले, याची नोंद नाही आणि तिची गरजही भासली नाही.

सामायिक शीटची आणखी एक अडचण बेटावर पोहोचल्यावरच कळते. आमच्यापैकी एकाच्याच फोनवर इंटरनेट होते. मी शीट फोनमध्ये उतरवून ठेवली होती, मुलानेही ठेवली होती, दोघांनी आपापल्या प्रतीत बदल केले, आणि रात्री वाय-फाय लागताच बोटीची वेळ दोन वेगवेगळी दिसू लागली. आईने आठ महिन्यांत ती शीट एकदाही उघडली नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी तिने एका कागदावर पत्ता, विमानांच्या वेळा, औषधांची नावे आणि विमा कंपनीचा फोन नंबर लिहून तो घडी घालून पर्समध्ये ठेवला. गाडी भाड्याने देणाऱ्याने राहण्याचा पत्ता विचारला, तेव्हा उत्तर त्या कागदावरून दिले गेले.

सामानाच्या यादीत दोनच गोष्टी सांगण्याजोग्या आहेत. बार्बाडोसमध्ये लष्करी चट्ट्यापट्ट्यांचे, म्हणजे कॅमफ्लाज छापाचे, कपडे सामान्य नागरिकांना घालण्यास कायद्याने बंदी आहे, लहान मुलांनाही. मुलाच्या दोन आवडत्या चड्ड्या त्यामुळे घरी राहिल्या. दुसरी गोष्ट सामानाची नव्हे, सावलीची. किनाऱ्यावर मँचिनील नावाचे झाड असते, त्याचे फळ लहान हिरव्या सफरचंदासारखे दिसते, पण ते आणि झाडाचा चीक दोन्ही विषारी असतात. पावसात त्याखाली उभे राहिले तरी गळणाऱ्या पाण्याने अंग भाजते. बऱ्याच झाडांच्या खोडावर लाल पट्टा ओढलेला असतो. आपल्याकडे बिब्ब्याच्या झाडाबद्दल जी सावधगिरी सांगतात, तीच इथे.

खाण्याच्या रकान्यात आईसाठी ‘शाकाहारी : ?’ एवढेच आठ महिने लिहिलेले होते आणि त्या प्रश्नचिन्हाची मला सर्वांत जास्त धास्ती होती. प्रत्यक्षात हरभरा-बटाट्याची रोटी सहज मिळाली. भात आणि वाटाण्यांत मात्र खारवलेले मांस असू शकते, म्हणून विचारून घ्यावे. कूकू हा तिथला राष्ट्रीय पदार्थ उडत्या माशाबरोबर वाढतात, पण नुसता कूकू म्हणजे भेंडी घालून घोटलेली मक्याची उकड. आईने पहिल्या घासालाच तसे जाहीर केले आणि वर मोहरी-हळदीचा पिवळा, जहाल मिरचीचा स्थानिक सॉस घेतला. त्या सॉसच्या चार बाटल्या घरी आल्या. नळाचे पाणी चुनखडीतून गाळले गेलेले असल्यामुळे थेट पिता येते, त्यामुळे बाटलीबंद पाण्यासाठी राखून ठेवलेली रक्कम तशीच उरली. किराणा मात्र महाग आहे, कारण बरेचसे बाहेरून येते.

शेवटचा दिवस बाबांचा होता. शीटमध्ये ‘केन्सिंग्टन ओव्हल, 30 मिनिटे’ असे त्यांनी स्वतःच भरले होते. सामना नाही, बाहेरून पाहायचे, त्याला किती वेळ लागणार, असा त्यांचा हिशेब. आधी ते गॅरी सोबर्स यांच्या पुतळ्यापाशी थांबले. मग एका स्टँडवर हॉल आणि ग्रिफिथ या वेस्ट इंडिजच्या वेगवान गोलंदाजांची नावे दिसली, तेव्हा 1962 साली याच मैदानावर ग्रिफिथ यांचा चेंडू डोक्याला लागून भारताचे कर्णधार नरी काँट्रॅक्टर कसे मरणाच्या दारातून परतले आणि वेस्ट इंडिजचे कर्णधार फ्रँक वॉरेल यांनी त्यांना कसे रक्त दिले, हे मुलाला सांगून झाले. मग 1971 : वाडेकरांचा संघ, याच मैदानावर मडगावच्या सरदेसाईंच्या 150 आणि दुसऱ्या डावात गावसकरांच्या नाबाद 117 धावा, आणि गावसकरांच्या त्या मालिकेतल्या 774 धावा एकेक डाव जोडून तोंडी. 1997 मध्ये 120 धावांचा पाठलाग करताना इथेच आपण 81 वर गुंडाळले गेलो, हेही त्यांनी सांगितले, पण जरा खालच्या आवाजात. मुलाने रोहितने खेळपट्टीवरची माती तोंडात घातली ती जागा कोणती असेल, असे विचारले आणि दोघे फटीतून वाकून पाहत राहिले.

आम्ही तिथून अडीच तासांनी निघालो. टोरांटोला परतल्यावर हिशेब बंद करण्यासाठी शीट उघडली, तर त्या ओळीपुढच्या शेऱ्याच्या रकान्यात बाबांनी लिहिले होते : ‘वेळ अपुरा धरला गेला. चूक माझी. दि. 14 फेब्रुवारी’. महिना अक्षरांत होता.