झाकली मूठ: क्लबहाउसवरचे सात महिने

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या फोनवर क्लबहाउस आलं, म्हणजे नुसत्या आवाजात गप्पा मारायचं अ‍ॅप. आता डिसेंबर २०२१ संपत आलाय. यातले पहिले दोन महिने मी तिथे रोज रात्री पडीक होते, नंतरचे पाच येऊन-जाऊन. तेव्हा जे दिसलं ते लिहिते.

आत कशी शिरले तिथून सुरुवात करावी लागेल, कारण या अ‍ॅपची अर्धी गोष्ट दाराशीच घडते. अ‍ॅप निघालं २०२० च्या लॉकडाऊनमध्ये. पॉल डेव्हिसन आणि रोहन सेठ हे दोघे त्याचे कर्ते. आपल्याकडे गवगवा झाला तो यंदाच्या फेब्रुवारीत, इलॉन मस्क तिथे बोलून गेल्यावर. एका खोलीत, म्हणजे एका चालू चर्चेत, पाच हजारच माणसं मावायची, म्हणून लोकांनी शेजारी दुसऱ्या खोल्या उघडून तो आवाज तिकडे ऐकवला म्हणे. आमच्या घरात चार फोन, चारही अँड्रॉइड, आणि अ‍ॅप होतं फक्त आयफोनवर. आतल्या कुणी बोलावल्याशिवाय प्रवेश नव्हताच; त्या आमंत्रणाच्या दाराआधी हे आणखी एक दार, आणि भारतातले बहुतेक लोक त्याच्याच बाहेर उभे.

२१ मे रोजी भारतात अँड्रॉइडवर आलं. त्याच रात्री मी सिअ‍ॅटलच्या आतेबहिणीला मेसेज टाकला, "ताई, एखादं आमंत्रण उरलंय का गं?" ती म्हणाली, "तुझ्यासाठीच ठेवलं होतं." थाप असणार, पण बरं वाटलं. आजवर एकाही अ‍ॅपसाठी मी कुणापुढे हात पसरला नव्हता. इथे पसरला, आणि मिळाल्यावर लग्नाच्या पंगतीत पहिल्या रांगेत पाट मिळाल्यासारखा आनंदही झाला. आत काय वाढतात ते माहीत नसताना!

प्रोफाइलच्या तळाशी ताईचं नाव आणि फोटो, 'नॉमिनेटेड बाय' म्हणून. ते काढता यायचं नाही. फोटोच्या कोपऱ्यात पहिला आठवडाभर पार्टीचं चिन्ह, नव्या नवरीच्या हिरव्या चुड्यासारखं. कुणीही ओळखावं की ही नवीन आहे. लोक ओळखायचेही, आणि "या ना वर, बोला" म्हणून मंचावर घ्यायचे. टाळ्या वाजवायच्या म्हणजे माइक भराभर चालू-बंद करायचा, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. तोवर ही माणसं माइकशी सारखं काय खेळतात असं वाटायचं.

जून आणि जुलैच्या त्या रात्री मात्र खरंच छान होत्या. घराबाहेर निर्बंध, आत कंटाळा. आमची साडेदहाची एक खोली होती, पंचवीस-तीस जणांची. एकदा विषय निघाला मसाल्यांचा. मी कोल्हापूरची, त्यामुळे कांदा-लसूण मसाल्यासाठी भांडणं ओघानं आलं. बडोद्याच्या एक काकू गोड्या मसाल्याची बाजू सोडेनात, मस्कतहून एक मालवणी गृहस्थ दोघींनाही हसत होते, आणि नागपूरचे एक निवृत्त गुरुजी शेवटी "सावजीचं नाव कुणी घेणार की नाही?" म्हणाले. रात्रीचा एक वाजला. चेहरा दाखवायचा नाही, टाइप करायचं नाही, भांडी घासता घासता ऐकायचं. मागे कुणाच्या तरी कुकरची शिट्टी. माझ्या मते हे अ‍ॅप चांगलं होतं ते या शिट्टीसकट.

मग माझ्याही हातात मोजकी आमंत्रणं आली, आणि मी एकदम मोठी माणूस झाले. दोन वर्षं फोन न केलेल्या दिरांचा फोन आला. "वहिनी, ते क्लबहाउसचं जरा बघा ना." नाटकाचे पास वाटणाऱ्याचा रुबाब काय असतो ते तेव्हा कळलं. कंपनीची युक्ती तीच होती, आणि ती बिनखर्चाची होती. जाहिरात आम्हीच करत होतो, फुकट, वर उपकार केल्याच्या थाटात. आमंत्रण जायचं फोन नंबरवर. संपर्कयादी अ‍ॅपला दाखवली की यादीत कुणाचे किती मित्र आधीच आत आहेत तो आकडा दिसायचा. माझ्या यादीत सगळ्यात वर आमचा प्लंबर होता. साहजिक आहे, अर्ध्या ठाण्याकडे त्याचा नंबर असणार! सुरुवातीच्या काळात तर यादी दाखवल्याशिवाय आमंत्रण देताच यायचं नाही. टीका झाल्यावर मार्चमध्ये ते बदललं.

एक आमंत्रण मी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला दिलं. गडी मंचावर चढला की उतरायचा नाही. काकूंना मध्येच तोडायचा. चौथ्या दिवशी गुरुजींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "हे तुमचे का?" प्रोफाइलवर माझं नाव होतंच. मी त्याला ऑफिसात सांगितलं, तो चिडला, पण सुधारला. आमंत्रणाचा खरा उपयोग मला इथे दिसला. टंचाईचा दिखावा दोन दिवसांत विरतो. आपण आणलेल्या माणसाची लाज आपल्याला असणं, हे मात्र टिकाऊ होतं.

कंपनीला ते तितकं मोलाचं वाटलं नसावं. २१ जुलैला आमंत्रणं बंद झाली, दार सताड उघडलं. रोजच्या खोल्या पन्नास हजारांवरून पाच लाखांवर गेल्याचं कंपनीने सांगितलं. आमच्या खोलीत गर्दी वाढली, बोलणं आटलं. कोण कुणाबरोबर आलंय ते कळेना. श्रोत्यांतले निम्मे फॉलोअर गोळा करायला आलेले. १५ ऑगस्टपासून दोन डोसवाल्यांना लोकल सुरू झाली, तशी रात्री एकपर्यंत जागायची चैनही संपली. तोवर ट्विटरने स्पेसेस नावाची अशाच गप्पांची सोय आणली होती, तिथे कुणाला विचारावं लागत नव्हतं.

एप्रिलमध्ये या कंपनीचं मोल सुमारे चारशे कोटी डॉलर धरलं गेलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ही त्याहून बरीच महाग होती. जीमेलही २००४ मध्ये आमंत्रणावरच मिळायचं, पण आत एक जीबी जागा होती, बाकीचे दोन-चार एमबी देत असताना. वाट पाहिल्याचं काहीतरी पदरात पडायचं. उलट गूगल प्लस हे गूगलचं फेसबुकसारखं अ‍ॅपही २०११ मध्ये आमंत्रणाने सुरू झालं, तीन महिन्यांत उघडलं, आणि २०१९ ला दुकान बंद. क्लबहाउसमध्ये पदरात पडणारी वस्तू म्हणजे माणसं, आणि तीही जागी असतील तेवढ्या वेळापुरती. चुकलं ते चुकलं. जुनी चर्चा पुन्हा ऐकायची सोय आली आत्ता नोव्हेंबरमध्ये. ती जूनमध्ये असती तर काकूंचा गोडा मसाला मी लिहून घेतला असता.

आजची स्थिती अशी: नोटिफिकेशन बंद केलीत, नाहीतर दिवसभर कुणीतरी कुठेतरी बोलावत असतं. मोठ्या खोल्यांत जात नाही. रविवारी रात्री आम्ही आठ-दहा जण बंद खोली उघडतो, ओळखीच्यांपुरती. नवं कुणाला आणायचं असेल तर आधी विचारायचं, असा नियम गुरुजींनी घातलाय. मागच्या रविवारी काकूंनी सुनेला आणायचं का विचारलं, आणि त्यावर पाऊण तास चर्चा झाली.