जळगावचं बोर्ड गेम कॅफे आणि काउंटरमागचं ते कपाट

आधी मार्क सांगून टाकतो, पाचपैकी साडेचार. अर्धा कुठे कापला ते खाली येईलच.

मी भुसावळहून येतो, पंचवीसेक किलोमीटर, शिफ्टची नोकरी आहे त्यामुळे महिन्यातून दोनच रविवार मोकळे मिळतात आणि गेलं वर्षभर ते दोन्ही मी इथेच घालवलेत, यावरूनच समजा. वरच्या मजल्यावर एक मोठी खोली आहे, सहा टेबलं, एसी चांगला चालतो (मे महिन्यात आपल्याकडे त्याच्याशिवाय कोण बसणार भो), आणि डोक्यापर्यंत गेमचे डबे. तासावर पैसे, दुपारून गेलात तर चहा त्यातच. कटान, तिकीट टू राइड, पँडेमिक, स्प्लेंडर, अझूल सगळं आहे. पण डबे काय कोणीही आणेल, मला आवडलं ते त्यांची निगा कशी ठेवलीय ते. प्रत्येक पत्त्याला प्लास्टिकचं कव्हर, प्रत्येक डब्यात मालकाने स्वतः मराठीत लिहिलेला एका पानाचा नियमांचा कागद, लॅमिनेट करून. कटानमधला एक लाकडी रस्ता हरवला तर त्याने लाकडाची काडी कापून, तासून, लाल रंगवून ठेवलीय, मला तिसऱ्या वेळी कळलं की हा रस्ता मूळचा नाही. आणि फासे टाकायला ताट नाही की डबा नाही, सराफाकडे अंगठ्या दाखवायला असतो ना तो निळ्या मखमलीचा ट्रे! फासे त्यात पडतात तेव्हा आवाजच येत नाही, आणि टेबलाखाली शोधत बसावं लागत नाही. सोन्याच्या बाजारासाठी नावाजलेल्या जळगावातच सुचणार हे.

नवीन माणूस असेल तर मालक आधी कटानच लावतो आणि बरोबर करतो. १९९५ चा जर्मन गेम, क्लाउस टॉयबर नावाच्या माणसाचा, तिघा-चौघांत बसतो, लाकूड वीट लोकर गहू आणि खनिज गोळा करत बेट वसवायचं, दहा पॉइंट झाले की जिंकलात. यात देवाणघेवाण आहे म्हणून आपल्या लोकांना लगेच लागतो, दोन मेंढ्या घे अन् वीट दे म्हणत अर्ध्या तासात बाजार समितीसारखा गलका सुरू होतो.

आता कपाटाबद्दल. काउंटरच्या मागे काचेचं एक कपाट आहे, त्यात मॅजिक द गॅदरिंग आणि पोकेमॉनच्या पत्त्यांची पाकिटं, बूस्टर म्हणतात ती. मला कायम विचारलं जातं की तू एवढा गेमवेडा, वर्षात शंभर डाव खेळतोस, मग मॅजिक का नाही खेळत. लोकांना वाटतं अवघड वाटत असेल, नाहीतर महाग. तसं नाहीये, मला तो फार आवडला म्हणून मी खेळत नाही.

मालकाने एकदा दोन तयार डेक फुकट देऊन दाखवला होता. साठ पत्त्यांचा डेक, दोघांना वीस-वीस जीव, जमिनीचे पत्ते आडवे करायचे आणि त्यातून जी ताकद येते ती खर्चून प्राणी नाहीतर मंत्र काढायचे. रिचर्ड गारफिल्डने १९९३ मध्ये काढला, तो गणितात पीएचडी आहे, आणि ते खेळताना कळतं, कारण जवळपास प्रत्येक पत्ता नियमाला काहीतरी अपवाद करतो आणि तरी गाडी रुळावरून घसरत नाही. मी सलग चार डाव खेळलो, शेवटची गाडी चुकली. घरी येऊन झोप लागेना, डोक्यात डेकच जुळत होता. आणि तेव्हाच ठरवलं की नाही.

याचं कारण आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया. खान्देशातल्या लोकांना वेगळं सांगायला नको, बाया झोक्यावर गाणी म्हणतात, माहेरवाशिणी आलेल्या असतात, आणि गावातली पुरुष मंडळी निंबाच्या सावलीत पत्त्याचे डाव टाकून बसतात. सणाचे पत्ते म्हणून कोणी काही बोलत नाही. मी सातवीत असताना बाबा कापसाचे पैसे खिशात घेऊन बसले ते तिसऱ्या दिवशी उठले. त्या वर्षी माझी फी मामांनी भरली. पण मला पैशापेक्षा बाबांचं तिसरं पान बघणं आठवतं, दोन पत्ते वर, तिसरा मागे, आणि तो अंगठ्याने अगदी सावकाश वर सरकवायचा, आधी नुसती कड दिसेल इतका, श्वास धरून.

तर या दुकानात मी एका पोराला मॅजिकचं बूस्टर फोडताना बघितलं, नववी-दहावीतला असेल. एका पाकिटात चौदा-पंधरा पत्ते, त्यात निदान एक तरी दुर्मिळ असतो, कोणता ते फोडल्याशिवाय कळत नाही. त्याने पाकीट दाताने फाडलं, गठ्ठा हातात धरला आणि पत्ते एकेक करून अंगठ्याने वर सरकवायला लागला, कडेकडेने, श्वास धरून. मला तिथे उभं राहवेना, मी जाऊन जिन्यात बसलो.

कोणी म्हणेल हा जुगार कसा, पत्ते तर मिळतातच. मिळतात की, मान्य आहे. बेल्जियमने २०१८ मध्ये व्हिडिओ गेममधल्या लूट बॉक्सला, म्हणजे पैसे देऊन घ्यायच्या पण आत काय ते आधी न कळणाऱ्या डब्यांना, जुगार ठरवलं, कागदी पाकिटांना नाही. कायदा काय म्हणतो तो भाग वेगळा, मी माझ्या अंगात काय आहे ते ओळखून आहे. आखाजी निदान उठते, लोक परत शेतात जातात. मॅजिकचा नवीन सेट दर काही महिन्यांनी येतोच, उठायची वेळच येत नाही.

इथे मालकाचं मनापासून कौतुक करायचंय. त्याचा नफा त्याच कपाटात आहे, मला माहिती आहे, तरी त्याने एकदाही मला पाकीट पुढे केलं नाही. त्या पोराने चौथं मागितलं तेव्हा शांतपणे म्हणाला, "बेटा, आता घरच्या मोठ्या माणसाला घेऊन ये, मग देतो," आणि ज्या पत्त्यासाठी पोरगा जीव टाकत होता तो सुटा मिळतो, तो घे, स्वस्तात पडेल असंही सांगितलं. मला त्याने विचारलं का नको, मी सगळं सांगितलं, तर आतून एक डबा घेऊन आला, किंग ऑफ टोकियो. याच गारफिल्डचा, २०११ चा, सहा मोठे काळे फासे, राक्षस होऊन शहरात घुसायचं. डब्यात काय आहे ते सगळं पहिल्या दिवसापासून समोर असतं, एकदा घेतला की झालं. तो माझ्या घरी आहे आता. पत्त्यांचाच खेळ हवा असेल तर आर्कहॅम हॉररचा पत्त्यांवाला गेम पण ठेवलाय त्याने, त्यात विस्ताराचे डबे येतात पण आत काय ते ठरलेलं असतं, त्यामुळे तो मला चालतो.

बाकी दोन छंद मी टाळतो ते साध्या कारणाने. वॉरहॅमर, म्हणजे छोट्या सैनिकांच्या लढाईचा खेळ, कारण ते सैनिक कापा, चिकटवा, रंगवा, आमच्या भुसावळच्या एका मित्राचा दहा जणांचा एक डबा अख्खा उन्हाळा पुरला, आपल्याकडच्या गरमीत रंग ब्रशवरच सुकतो. आणि वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टसारखे ऑनलाइन गेम, कारण ठरलेल्या वेळी सगळ्यांनी हजर राहायचं असतं आणि माझी शिफ्ट दर आठवड्याला बदलते, मी आयत्या वेळी नाही म्हणालो तर बाकीच्यांची रात्र वाया जाते.

यंदाच्या आखाजीला मी बाबांना इथे घेऊन आलो. पत्त्यांना हात लावणं त्यांनी केव्हाच सोडलंय, त्या दिवशी घरात नुसते बसून राहतात, मला ते बघवत नाही. कटान लावला. नियम सांगून होईपर्यंत त्यांनी बोर्डावरचे आकडे वाचले आणि पहिलं घर सरळ लाल सहाला लागून बांधलं, म्हणे दोन फाशात सातनंतर सहा अन् आठच जास्त पडतात, हे मला कोणी शिकवायला नको. सात पडला की चोर येतो हे कळल्यावर मोठ्याने हसले. तिसऱ्या डावात जिंकले.

अर्धा मार्क कापला तो जिन्यासाठी. अरुंद आहे, कठडा एकाच बाजूला, बाबांचे गुडघे दुखतात, चढायला आम्हाला दहा मिनिटं लागली आणि उतरताना मी पुढे उलटा चालत उतरलो. मालकाला बोललो, त्याने ऐकून घेतलं. वयस्कर माणसांना आणणार असाल तर आदल्या दिवशी फोन करा, तो खाली काउंटरजवळ एक टेबल लावून देतो, फक्त तिथे एसीची हवा पोचत नाही, म्हणून संध्याकाळी सहानंतरचीच वेळ घ्या.