मामानॅटली: बाळंतपण शिकवायचं मॉडेल

मिडवाइफरी (सुईणीचं, म्हणजे बाळंतपण करण्याचं काम) शिकवणाऱ्या प्रत्येकीला हे मॉडेल मी मनापासून सुचवेन. शिक्षिका ते स्वतःच्या पोटाला बांधते आणि तीच बाळंतीण होते. रक्तस्राव किती, गर्भाशय सैल की घट्ट, हे तिच्या हातात. विद्यार्थिनीच्या तळव्याखाली मसाजने गर्भाशय चेंडूसारखं कडक होतं, तेव्हा तिचा चेहरा बघावा! ५०० मिलिलिटर रक्त गेलं हे नजरेने ओळखताना किती फसगत होते, तेही मोजून दाखवता येतं. सगळ्यात मोलाचं म्हणजे समोर जिवंत बाई असते. ती कण्हते, ‘काय करतेस?’ म्हणून विचारते. हात लावण्याआधी परवानगी घेणं, धीर देणं, घरच्या चालीरीती आदराने विचारणं, याचा सराव निर्जीव पुतळ्यावर कसा होणार? वापरानंतर नकली रक्ताचे भाग धुऊन वाळवायला तेवढा वेळ ठेवा.